समुद्र उजव्या हाताला

सोमवारचा तिसरा तास होता. नववी ‘ब’च्या मुलींना मी समोच्च रेषा समजावत होते आणि त्या नेहमीप्रमाणे सगळं समजल्याचा चेहरा करून बसल्या होत्या. तेवढ्यात दारात वेंकटय्या दिसले. वेंकटय्या म्हणजे मल्लिनाथअण्णांच्या चादरीच्या कारखान्यातले सर्वांत जुने विणकर. आमच्या शाळेत त्यांनी यावं असं काही कारणच नव्हतं. अक्कलकोट रोडवरून सायकल मारत आले होते, पायजम्याला लावलेला चाप तसाच होता, टोपी हातात घेतलेली. ‘बाई, अण्णा...’ एवढंच म्हणाले आणि भिंतीला टेकले. सकाळी अण्णा नेहमीसारखे कारखान्यात आले, एक नंबरच्या मागाशेजारी स्टुलावर बसले, जरा पाणी द्या म्हणाले. पाण्याचा तांब्या येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. माग मात्र चालूच होता, तो बंद करायचं कुणालाच सुचलं नव्हतं... या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. रडायचं ते रडून झालं आहे. आता लिहायला बसले आहे तर नीट लिहिणार आहे, कारण अण्णांना गबाळं काम खपत नसे आणि मलाही खपत नाही.

सोलापुरात चादरीच्या कारखानदारांना काही तोटा नाही. त्यातही अण्णांचे माग सहाच. पण चादरीवरची नक्षी ते स्वतः काढत. मोठ्या चौकटीच्या आलेख कागदावर एकेक चौकोन भरायचा, एक चौकोन म्हणजे एक धागा, मग त्याबरहुकूम जकार्डच्या, म्हणजे नक्षी उठवणाऱ्या यंत्राच्या, पुठ्ठ्यांना भोकं पाडायची आणि ते पुठ्ठे मागावर चढवायचे. हे सगळं ते दुसऱ्या कुणाला करू देत नसत. मूळचे वळसंगचे, घरची शेती भावाकडे, स्वतः चौथीपर्यंत शिकलेले. आमची घरं समोरासमोर. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे असून मला ‘बाई’ म्हणायचे, कारण मी भूगोल शिकवते आणि भूगोल शिकवणाऱ्या माणसाला सगळे रस्ते माहीत असतात अशी त्यांची समजूत होती. मी ती कधी दुरुस्त केली नाही. शाळेत इतक्या चुका दुरुस्त करते, एखादी सोडली म्हणून काय बिघडतं?

हा माणूस गेली चार वर्षं एका प्रवासाची तयारी करत होता. हॉलंडमधल्या एका खेड्यातून चाकांवरचं घर घेऊन निघायचं, बेल्जियम ओलांडायचं, अख्खा फ्रान्स वरून खाली उतरायचा, स्पेनमधून तिरकं जायचं आणि पोर्तुगालच्या दक्षिण टोकाला समुद्राजवळ जाऊन गाडी उभी करायची. आणि हे नुसतं मागे बसून नाही. अर्धा रस्ता स्वतः गाडी चालवत, बायकोला शेजारी बसवून. ऐकणाऱ्याला हसू येई. मलाही आलं होतं. पण अण्णांनी एखादी गोष्ट आलेखावर घेतली की ती मागावर चढायचीच, हे मला नंतर कळलं.

याचं मूळ बहात्तरचा दुष्काळ सरल्यानंतरच्या हिवाळ्यात आहे. एका दुपारी अक्कलकोट रोडला अण्णांच्या कारखान्यासमोरच एक लांबडी, फिकट हिरवी गाडी कंबर मोडल्यासारखी बसली. चाकावरचा पाटा तुटला होता. आतून एक उंच गोरे गृहस्थ आणि त्यांची तितकीच उंच बायको उतरली. यान आणि मार्ता. हॉलंडहून तुर्कस्तान, इराण करत करत भारतात आलेले, हैदराबाद बघून गोव्याला निघालेले. अण्णांनी गाडी ढकलून कारखान्याच्या आवारात घेतली, लोहाराला बोलावलं आणि मला बोलावलं. लोहार पाट्यासाठी, मी इंग्रजीसाठी. पाटा तयार व्हायला बारा दिवस लागले. यानभाऊ सुतार निघाले. गाडीच्या आतलं घर त्यांनी स्वतःच्या हातानं केलं होतं. पलंग उचलला की पेटी, टेबल पाडलं की पलंग, स्वयंपाकाचा ओटा एवढासा. अण्णा आत गेले ते तासभर बाहेरच आले नाहीत. एकेक फळी उघडून बघत होते, मिटून बघत होते. ‘बाई, ह्या माणसानं एक बोट जागा वाया घालवली न्हाय,’ मला म्हणाले. ‘लई मोठा कारागीर हाय.’ दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता. बारा दिवस दोघे सकाळपासून एकमेकांच्या कामाजवळ बसून असत, एक मागाजवळ आणि एक रंधा घेऊन, आणि दोघांचंही काही अडलं नाही.

निघताना यानभाऊंनी मला सांगितलं ते मी अण्णांना सांगितलं. दर हिवाळ्यात हे दोघे ही गाडी घेऊन दक्षिण पोर्तुगालला जातात, तिथं ऊन असतं. पण यानभाऊंच्या डोळ्यांना आता दिवसभर रस्ता सोसत नाही. तर एका हिवाळ्यात अण्णांनी आणि अक्कांनी यावं, चौघं मिळून जावं, अर्धा रस्ता अण्णांनी चालवावा. नंतर पत्रातही त्यांनी हेच लिहिलं, जाण्यायेण्याची आणि राहण्याची सगळी हमी घेतली आणि गाडीचा एक नियम कळवला. जो गाडी चालवेल त्याच्या बायकोनं शेजारी बसून रस्ता सांगायचा. चालवणाऱ्यानं नकाशात डोकं घालायचं नाही. या नियमावर त्यांचा चाळीस वर्षांचा संसार टिकला आहे, असंही त्यांनी लिहिलं होतं.

सगळं अडलं ते या नियमापाशी. अण्णांच्या बायकोचं नाव नीलव्वा, आम्ही सगळे अक्का म्हणतो. कारखान्यातली प्रत्येक चादर घडी घालण्याआधी अक्कांच्या हाताखालून जाते. त्या नुसता तळवा फिरवतात आणि कुठं धागा तुटलाय, कुठं पुठ्ठ्याचं भोक चुकलंय ते सांगतात. अख्ख्या एमआयडीसीत असा हात नाही. पण अक्कांना लिहितावाचता येत नाही. पत्र वाचून झाल्यावर त्यांनी धान्य निवडणं थांबवलं नाही, मान वर केली नाही, फक्त म्हणाल्या, ‘ब्याड.’ नको. अण्णांनी विचारलं, का नको? मग मात्र सूप खाली ठेवलं. ‘तितं पाट्या असत्यात. मला वाचाय येत न्हाय. तुमी गाडी चालवणार, रस्ता मी सांगायचा... चुकीचा सांगितला तर? परमुलखात कुणाला इचारू, कोणत्या तोंडानं? तुमी जावा. मी न्हाय येणार.’

अण्णांनी त्याच दिवशी ठरवलं की अक्का आल्या तरच जायचं, नाहीतर नाही. त्यांना एकट्याला जाता आलं असतं. मीच तसं सुचवलं. माझ्याकडे त्यांनी असं बघितलं की मी जन्मात पुन्हा तो विषय काढला नाही.

मग आमचे रविवार सुरू झाले. जेवणं झाली की अण्णा आलेख कागदाची गुंडाळी काखेत घेऊन समोरून यायचे, मी शाळेचा मोठा नकाशासंग्रह उघडायची, आणि अक्का आमच्याच व्हरांड्यात सूप घेऊन बसायच्या, आमच्याकडे पाठ करून. एक चौकोन दहा किलोमीटर. अण्णा रस्ता चौकोनांत उतरवून घ्यायचे. कुठं मुक्काम, कुठं नदी, कुठं चढ. मी गावांची नावं मोठ्यानं वाचायची, ते तीनतीनदा म्हणून घ्यायचे. ब्रसेल्स, पॅरिस, बोर्दो, सान सेबास्तियन, सालामांका, एव्होरा, फारो. गल्लीतल्या पोरांना ही नावं पाठ झाली होती. एकदा पेपरात आलं की पोर्तुगालात सैन्यानं सरकार उलथवलं. मी घाबरून सांगायला गेले तर अण्णा शांतपणे म्हणाले, ‘सरकार बदललं म्हणून रस्ता बदलतोय व्हय बाई?’ आणि पुढचा चौकोन भरला. कारखान्यातले लोक वेगळंच चिडवायचे, गोव्यातनं हाकलून दिलेल्यांच्या घरी जेवायला जाणार म्हणायचे. अण्णा हसून म्हणत, त्यांना जाऊन बरेच दिवस झाले, आता हालहवाल विचारायला कुणीतरी जायला पाहिजे की.

एक गंमत सांगते. मागावरून उतरलं की कापड आटतं, म्हणून विणकर प्रत्येक मापात थोडी वाढ धरतोच. अण्णांनी रस्त्यातही धरली. माझ्या हिशेबानं जे अंतर आठ दिवसांचं, ते त्यांनी नऊ दिवसांचं केलं. मी म्हटलं, ‘अण्णा, रस्ता आटत नाही.’ ते म्हणाले, ‘रस्ता न्हाय आटत, माणूस आटतो. नव्व्या दिवसाला म्हणायचं न्हाय की पुरलो न्हाय.’ नऊच दिवस ठेवले.

तिकडे गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवतात हे त्यांना समजलं तेव्हा त्यांनी सरावाची जागा शोधली ती वळसंगला, भावाच्या शेतावर. मोटारगाडी उलट्या बाजूला नेली तर लोक मारतील, म्हणून बैलगाडी घेतली. आम्ही सगळे बघायला गेलो होतो. अण्णा कासरा उजवीकडे ओढत होते आणि बैल आपले वर्षानुवर्षांच्या सवयीनं डाव्या चाकोरीत. शेवटी अण्णा खाली उतरले, बैलांच्या समोर उभे राहिले आणि त्यांना समजावून सांगायला लागले. त्यांचे भाऊ बांधावर बसून हसून हसून कोलमडले. ‘अरे, त्यास्नी कुटं पोर्तुगालला जायाचंय!’ असं ओरडत होते. दुसऱ्या आठवड्यात मात्र बैल उजवीकडून चालायला लागले होते, ही गोष्ट मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितली आहे. पुढे ते बैल बाजाराच्या रस्त्यालाही उजवीकडूनच जायला लागले आणि भावांनी अण्णांना शेतावर यायची बंदी केली.

अक्कांचं मन वळवण्यासाठी त्यांनी काय काय केलं त्याला तर सीमाच नाही. यानभाऊंकडून गाडीच्या आतली मापं मागवली आणि घरच्या अंगणात खडूनं ती गाडी जमिनीवर आखली. हा पलंग, हा ओटा, हे दार. अक्कांना सांगितलं, आठ दिवस ह्या रेघांच्या आत स्वयंपाक करून बघ, जमतंय का. अक्कांनी स्टोव्ह मांडला. पाणी आणायला उठल्या की अण्णा ओरडायचे, ‘रेघेबाहेर गेलीस! रस्त्यावर पडलीस की!’ मग अक्का कमरेवर हात ठेवून तिथंच उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, ‘मग पाणी तुमी आणा, गाडी थांबवून.’ चौथ्या दिवशी अक्कांनीच सांगितलं की ओटा दाराजवळ पाहिजे आणि लिंगपूजेला बसायला हातभर जागा नाही. अण्णांनी ते लगेच पत्रातून कळवलं. यानभाऊंनी उलट टपाली लिहिलं की ओटा हलवता येणार नाही, पण खिडकीजवळची एक पेटी काढून पूजेसाठी बैठक केली आहे. पत्र ऐकून अक्कांनी सूप बाजूला ठेवलं. आणि कडक भाकरी किती दिवस टिकते हे कुणी न विचारता त्यांनी मला सांगितलं. मला वाटलं, आता जमतंय. पण पासपोर्टच्या फॉर्मवर अंगठा करायची वेळ आली की त्या सूप घेऊन आत निघून जायच्या.

मी त्यांना अक्षरं शिकवायला घेतली. चार दिवस पाटी घेऊन आल्या. पाचव्या दिवशी पाटी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, ‘बाई, बोटाला कळतंय, डोळ्यांना कळत न्हाय.’ मी चिडले. शिकवणाऱ्या माणसाला हार आवडत नाही. अण्णांनी मात्र त्यांचं वाक्य उचललं. बोटाला कळतंय ना? मग बोटालाच शिकवू.

त्यांनी रस्त्याची चादर विणायची ठरवली. अख्खा नकाशा चादरीवर, अक्षरं न घालता. प्रत्येक मुक्कामाला वेगळी बुटी. पॅरिसला मोर, बोर्दोला कुयरी, सालामांकाला चांदणी आणि शेवटी फारोला कमळ. समुद्र गर्द निळा, रस्ता पांढरा. अक्षरं फक्त काठाला, दोघांची नावं, मल्लिनाथ आणि नीलव्वा. अडीच महिने ते आलेख भरत होते आणि पुठ्ठ्यांना भोकं पाडत होते. मला तोवर दाखवायचं नाही असं ठरलं होतं. ज्या दिवशी चादर मागावरून उतरली त्या दिवशी मला कारखान्यात बोलावलं. वेंकटय्या आणि अण्णा दोघांनी दोन टोकं धरली, झटकून ती पसरली आणि सुलट्या बाजूनं माझ्यासमोर धरली.

आणि मी हसले. अगदी मोठ्यानं, सगळ्या कामगारांसमोर. ‘अण्णा, पोर्तुगाल पूर्वेला नेलात की! सूर्य उगवतोय तुमच्या पोर्तुगालात!’

चूक अशी झाली होती. मागावर चादर विणली जाते तेव्हा तिची सुलटी बाजू खाली असते आणि आपल्याला दिसते ती उलटी. म्हणून अक्षरं आलेखावर उलटी काढायची, हे नक्षी काढणाऱ्याच्या हाडीमाशी मुरलेलं असतं. पण फुलाला, मोराला उलटंसुलटं नसतं, ती कशीही काढली तरी चालतात. अण्णांनी नावं सवयीनं उलटी काढली होती, आणि नकाशा फुलासारखा सरळ. मागावर असताना वरून नकाशा बरोबर दिसत होता आणि नावं उलटी दिसत होती, म्हणजे सगळं कसं नेहमीप्रमाणे. पस्तीस वर्षांच्या कसलेल्या माणसाशिवाय ही चूक कुणाच्या हातून होणं शक्यच नाही. शिकाऊ माणसानं एकतर सगळं उलटं काढलं असतं नाहीतर सगळं सरळ. हे आज कळतं. त्या दिवशी मी नुसती हसत सुटले होते. अण्णांनी चादरीची एकेक घडी घातली, शेवटची घडी हातानं दाबली आणि म्हणाले, ‘बाईंचं बरोबर हाय.’ त्या हसण्याची मला आजही लाज वाटते. उत्तरपत्रिकेत लाल रेघ मारण्याची सवय मी माणसांवरही वापरते, हा माझा दोष आहे आणि तो मी इथं छापून कबूल करते.

तीन रविवार अण्णा आले नाहीत. चौथ्या रविवारी गुंडाळी काखेत घेऊन आले, खुर्चीवर बसले आणि काहीच न घडल्यासारखं म्हणाले, ‘नव्यानं पुठ्ठे पाडाय घेतलेत. एक नंबरचा माग मोकळा झाला की चढवतो.’ पण एक नंबरचा माग काही मोकळा होईना. मागणी होती, दिवस कामाचे होते. जुनी चादर कुठं गेली ते मी विचारलं नाही. एवढं मात्र लक्षात आलं की अक्का आता व्हरांड्यात पाठ करून बसत नव्हत्या. सूप मांडीवर तसंच ठेवून आमच्याकडे तोंड करून बसायच्या. मला वाटलं, उन्हाची तिरीप डोळ्यांवर येत असेल.

शेवटची भेटही रविवारचीच, ते गेले त्याच्या आदल्या दिवशीची. त्या दिवशी त्यांनी गुंडाळी आणली नव्हती. चहा घेतला, बशी उपडी घातली, आणि नुसते हसत बसले. पन्नाशी उलटलेला माणूस असा परीक्षा पास झाल्यासारखा हसताना मी बघितला नव्हता. ‘आज काही काम नाही का?’ मी विचारलं. म्हणाले, ‘काम झालंय. यानभाऊला पत्र धाडायचंय. काय लिवायचं ते उद्या कारखान्यातनं आलो की सांगतो.’ मी खोदून खोदून विचारलं. ‘उद्या,’ एवढंच. जाताना फाटकाशी थांबून माझ्या तुळशीकडे बघितलं, म्हणाले, पाणी कमी पडतंय हिला. आणि रस्ता ओलांडून गेले. आधी डावीकडे बघून मग उजवीकडे, तिकडच्यासारखं. ही सवय त्यांनी मुद्दाम लावून घेतली होती.

पुढचं मला माहीत होतं असं वाटत होतं, पण नव्हतं. यानभाऊंना कळवणं माझ्याकडेच आलं. दोन पत्रं लिहिली आणि फाडली. तिसऱ्यांदा बसण्याआधी अक्कांना विचारावं म्हणून गेल्या रविवारी मी समोर गेले. त्यांच्या दोघी मुली दिवसकार्य उरकून सासरी परतल्या होत्या. अक्का आतल्या खोलीत होत्या. अण्णांच्या पलंगावर ती चादर पसरलेली होती... मी दारातच थांबले. चार-सहा महिन्यांत ती पुष्कळदा धुतलेली दिसत होती, वापरून मऊ झालेली. पण काहीतरी वेगळं होतं. काठावरची नावं उलटी होती. अक्कांनी चादर उलट्या बाजूनं घातली होती, आणि या बाजूनं पोर्तुगाल पश्चिमेला होता, जिथं असायला पाहिजे तिथं.

‘अक्का, ही चादर...’ मी म्हटलं.

‘त्येंनी कपाटाच्या मागं टाकलीवती. मी काढली, उलटी घातली.’ अक्का पलंगाच्या कडेला बसल्या. ‘त्येंला लाज वाटत व्हती, नावं उलटी दिसत्यात म्हणून. मी म्हणलं, मला कुटं वाचाय येतंय? नाव सुलटं काय आन् उलटं काय, मला दोनी सारखंच. रस्ता सुलटा पायजे.’

मग त्यांनी बोट टेकवलं. वरच्या टोकापासून. चादरीवर धागा शोधताना फिरवतात तसाच हात, सावकाश. ‘हितनं निघायचं, यानभाऊच्या दारातनं. हे ब्रसेल्स. तितं थांबायचं न्हाय, गर्दी असती. मोर, पॅरिस. बाहेरनंच वळायचं. मग सरळ खाली, दोन मुक्काम. ही कुयरी, बोर्दो.’ चार वर्षं आमच्या व्हरांड्यात पाठ करून धान्य निवडणाऱ्या या बाईनं एकही नाव सांडलं नव्हतं. माझ्यातली मास्तरीण काही गप्प बसत नाही. मी विचारलं, ‘समुद्र कोणत्या हाताला, अक्का?’

‘उजव्या. कुयरीपासनं उजव्या हाताला.’ त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. ‘सान सेबास्तियनपासनं आत वळलो की मग दिसत न्हाय. दिसत न्हाय, पर हाय तिकडंच. चांदणी गेली, एव्होरा गेलं, की कमळापाशी समोर येतो.’ बोट कमळावर थांबलं. ‘शनिवारी त्येंला सगळं म्हणून दावलं. दोनदा म्हणाय लावलं त्यांनी. मग मी म्हणलं, आणा तो फॉर्म. अंगठा करते.’

म्हणजे रविवारचं ते हसू याचं होतं. मी इतके आठवडे मनाशी धरून बसले होते की अण्णा अर्ध्यावर गेले, माझ्या हसण्यानं त्यांचं काम मोडलं. काम मोडलं नव्हतं, पुरं झालं होतं. उशीखालून अक्कांनी फॉर्म काढला. त्यावर जांभळ्या शाईचा अंगठा होता, ठसठशीत, एकेक रेघ दिसणारा. शेजारी अण्णांची सही.

मी म्हटलं, ‘अक्का, यानभाऊंना काय लिहू?’

त्यांनी चादरीची एक सुरकुती तळव्यानं सारखी केली. ‘लिवा, हे गेले. आन् लिवा, मी येती. मुली नको म्हणत्यात, लोक काय म्हणतील म्हणत्यात. लोकास्नी म्हणावं, तुमाला समुद्र कोणत्या हाताला ते तरी ठाऊक हाय का?’ मग म्हणाल्या, ‘मार्ताबाईंला लिवा, तुमी मागं निवांत निजा. यानभाऊंनी गाडी चालवायची, हळू चालवायची, नऊ दिवस धरून. रस्ता मी सांगते.’

पत्र मी तिथंच बसून लिहिलं आणि सोमवारी शाळेत जाताना पेटीत टाकलं. फॉर्मचं पुढचं सगळं बघायचं मी अंगावर घेतलं आहे, आणि मी घेतलेलं काम होतंच. कारखाना चालू आहे. एक नंबरच्या मागावर वेंकटय्यांनी अजून काही चढवलेलं नाही. नव्या चादरीचे पुठ्ठे निम्मे पाडून झाले होते, ते अक्कांनी सुतळीनं बांधून ठेवले आहेत. त्या म्हणतात, दुसरी चादर करायची गरज नाही, ही बरोबर आहे. संध्याकाळी दिवा लागला की समोरच्या खिडकीतून मला तो पलंग दिसतो. चादर उलट्या बाजूनं घातलेली असते. काठावर दोघांची नावं उलटी, आणि पांढरा रस्ता मात्र सरळ खाली कमळापर्यंत गेलेला.